नीलकोटचा वाढीव इंच

"तुम्हाला हे सगळं सुचतं तरी कुठून?" हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की मी त्याचं एक उत्तर पाठच करून ठेवलंय. "मेथी निवडताना," असं मी सांगते. लोक हसतात आणि विषय बदलतो. खरं सांगायचं तर मला आधी काहीच सुचत नाही. मी आधी नकाशा काढते. आलेख कागद, टोकदार पेन्सिल, फूटपट्टी. नदी कुठून येते, बाजार कुठे भरतो, वेशीपासून राजवाड्यापर्यंत चालायला किती वेळ लागतो, हे पक्कं झाल्याशिवाय माझ्या कादंबरीतला साधा घोडासुद्धा पाऊल उचलत नाही. अद्भुत कादंबरी लिहिणाऱ्या बाईने इतकं काटेकोर असावं याचं काहींना हसू येतं. येऊ दे. उडणारा बैल खपवायचा असेल तर त्याच्या गोठ्याचं माप बरोबर असावं लागतं, हे माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

माझ्या मालिकेतलं शहर नीलकोट. एका अफाट तळ्याची भिंत, आणि त्या भिंतीच्या पायथ्याशी वसलेलं गाव. तिथे भिंतकानी नावाची माणसं आहेत. रोज सकाळी ती भिंतीला कान लावून पाण्याचं मन कसं आहे ते ऐकतात आणि गावाला सांगतात. दुसऱ्या भागाच्या शेवटच्या पानावर तमा, माझी चोवीस वर्षांची भिंतकानी, कान लावते आणि पाणी तिला म्हणतं, "आता मला जाऊ दे." वाचक ओरडले, मी खूश झाले आणि तिसरा भाग लिहायला बसले.

तो भाग दोन वर्षं लिहीत होते. अकरा वेळा सुरुवात केली. अकराही वेळा भिंत फुटली, नीलकोट बुडालं आणि त्यापुढे लिहायला काही उरलं नाही. सगळे मेलेच, तर प्रकरण दोनमध्ये बोलणार कोण? शेवटी प्रकाशकांना सांगून टाकलं, भोपाळला जाऊन येते. परत आले की एक तर पहिलं प्रकरण हातात ठेवीन, नाही तर मालिका दोन भागांतच संपली असं वाचकांना कळवून टाका. प्रकाशक म्हणाले, "भोपाळला काय आहे?" मी म्हटलं, "तळं आहे, फुटलेलं धरण आहे आणि माझी मावशी आहे."

बरखेडा, शुक्रवार

मावशीचे यजमान, आमचे काका, भोपाळच्या मोठ्या सरकारी कारखान्यात चौतीस वर्षं होते. मूळचे साताऱ्याचे. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा त्यांनी कारखान्याच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर घर बांधलं. पत्ता विचारला तर अजूनही नुसतं 'बरखेडा' सांगतात. कारखान्याचा भोंगा झाला की आजही त्यांचा हात घड्याळाकडे जातो.

मी पोचले तेव्हा टेबलावर पोहे तयार होते, त्यावर शेव, शेवेवर जिरावन नावाचा आंबटतिखट मसाला, आणि शेजारच्या बशीत जिलेबी. पुण्यात पोह्यांसोबत जिलेबी मागितली तर लोक तुमच्या तब्येतीची चौकशी करतील. मी आधी नाक मुरडलं आणि मग तीन जिलेब्या खाल्ल्या.

"नंदे, काय गं ही तब्येत! लिहून लिहून सुकलीस अगदी," मावशी म्हणाली. तिची मराठी पुण्याचीच आहे, पण मधे मधे भोपाळ डोकावतं. "फिक्र करू नकोस. आठ दिवस राहा, मी तुला नीट खाऊ-पिऊ घालते."

"चारच दिवस आहे गं मावशी."

"बघू."

दिवाणखान्यात एक वस्तू माझ्या डोळ्यांत भरली. सागवानी चौकटीची काचेची पेटी, चांगली चार फूट लांब, तीन फूट रुंद. आणि आत काय? लोणच्याच्या सात बरण्या. एवढ्या थाटाच्या पेटीत कैरीचं लोणचं मी कुठेच पाहिलं नव्हतं.

"ही पेटी लोणच्यासाठी केलीत?" मी विचारलं.

मावशीने काकांकडे पाहिलं. काकांनी पेपर वर केला. "आता आहे तर आहे," ते पेपरमागून म्हणाले. काका मुळात कमी बोलतात, त्यामुळे मीही तो विषय सोडला.

मोठं तळं, शनिवार

भोपाळच्या मोठ्या तळ्याकडे मी फार आशेने गेले. काकांनी त्यांच्या जुन्या सहकाऱ्याला, सलीमभाईंना, गाडी घेऊन बोलावलं होतं. सलीमभाई कारखान्यात ओतकामाकडे होते. वाळूत साचा बसवणं हे त्यांचं काम. आता स्वतःची गाडी चालवतात आणि दोन्ही हातांनी बोलतात, त्यामुळे स्टिअरिंग बरेचदा मोकळं असतं.

"को खाँ, मॅडम किताब में झूठ लिखती हैं, अपन को बताया गया," ते म्हणाले. 'को खाँ' म्हणजे भोपाळी 'काय हो'.

"पूरा झूठ," मी म्हटलं. "एक शब्द सच नहीं."

"बस, फिर ठीक है. आधा झूठ अच्छा नहीं होता."

तळं सुंदर आहे, त्यात वादच नाही. पलीकडचा काठ धूसर, मधे एक बेट, वाऱ्याने आलेल्या लाटा. मी वही उघडून दोन तास बसले. समोरून बदकाच्या आकाराच्या पायडल-नावा गेल्या, त्यात नवी जोडपी बसलेली. माझ्या भिंतीमागचं पाणी काही केल्या या पाण्यात मिसळेना. सलीमभाईंनी मला शहराच्या जुन्या भागात नेऊन मिठाचा चहा पाजला. दूध, साखर आणि चक्क मीठ. पहिल्या घोटाला वाटलं, भांडं धुतलेलं नाही. तिसऱ्या घोटाला वाटलं, आजवर मी पीत होते तो चहा अळणी होता. दुकानदाराने दुसरा कप न विचारताच ओतला. पुण्यात दुसरा कप मागितला की आधी पहिल्याचा हिशेब होतो.

दुपारी घरी येऊन मी बाराव्यांदा सुरुवात केली. भिंत फुटली, नीलकोट बुडालं. कागद टराटरा फाडून टोपलीत टाकला आणि मान वर केली तर दारात काका उभे. त्यांनी टोपलीतले तुकडे पाहिले, मला काही विचारलं नाही आणि निघून गेले. मला भयंकर शरम वाटली. बाराव्यांदा नापास झाल्यासारखं वाटलं म्हणा ना.

मागची खोली, रविवार सकाळ

"चहा झाला की मागे ये," काका म्हणाले.

मागची खोली म्हणजे त्यांची कार्यशाळा. रंधे, पटाशा, कानशी, सगळं ओळीने टांगलेलं. काका कारखान्यात पॅटर्न मेकर होते. मोठमोठ्या यंत्रांचे भाग ओतायचे असतात, त्यासाठी आधी तसाच भाग लाकडात घडवावा लागतो. तो वाळूत दाबायचा, अलगद काढायचा आणि उरलेल्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. तो लाकडी भाग म्हणजे पॅटर्न. हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण माहीत असणं आणि बघणं यात फरक असतो.

टेबलावर चादर टाकलेली होती. काकांनी ती ओढली.

खाली नीलकोट होतं.

मी खोटं सांगत नाही. माझं नीलकोट! बाजाराचे तीन चौक, भिंतकान्यांची बुटकी घरं, बैलांचे उंच गोठे, राजवाड्याचा तिरका जिना. पुस्तकाच्या पहिल्या पानावरच्या नकाशावरून काकांनी ते सगळं सागात कोरलं होतं. पंधरा वर्षं मी ज्या गल्ल्यांतून मनातल्या मनात हिंडत होते, तिथे मी बोट फिरवलं आणि बोटाला लाकडाचा भुसा लागला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी बाई तशी रडकी नाही, पण आलं.

"दोन वर्षं करत होतो. हिला सांगून ठेवलं होतं, तुला बोलायचं नाही म्हणून," काका म्हणाले.

"आणि मी बोलले का?" मावशी दारातून म्हणाली. "दो साल! एक शब्द नाही."

"मग हे इथे का? त्या काचेच्या पेटीत का नाही?"

मावशी तोंडाला पदर लावून आत पळाली. काकांनी खिळ्यावरची एक पोलादी पट्टी काढून माझ्या हातात दिली, शेजारी माझी रोजची फूटपट्टी ठेवली. दोन्हींवर फूट लिहिलेला, दोन्हींवर बारा इंच. पण काकांची पट्टी कणभर जास्त लांब.

"ही श्रिंकेज स्केल. ओतलेला धातू थंड होताना आकसतो. म्हणून पॅटर्न आधीच थोडा मोठा करायचा. प्रत्येक मापात किती वाढवायचं ते डोक्याने करायला लागू नये म्हणून पट्टीच मोठी. चौतीस वर्षं मी हीच वापरली." त्यांनी पट्टी माझ्या हातातून परत घेतली. "हाताला सवय. तुझं शहर सगळं हिच्यावर मोजलं. काचवाल्याला तोंडी चार फूट सांगितले, त्याने पेटी त्याच्या साध्या टेपने केली. चार फुटाला एक इंच. पेटीत बसेना."

"आणि लाकूड तर आकसत नाही."

"लाकूड कशाला आकसतंय!" ते जवळजवळ ओरडले. "चौतीस वर्षांत एक पॅटर्न परत आला नाही माझा. आणि घरात बसून अशी गाढवासारखी चूक. सलीमला बोलू नकोस. सगळ्या कॉलनीत बोभाटा होईल."

मी शपथ घेतली. मग ते भानावर आले आणि ज्यासाठी मला बोलावलं होतं त्याकडे वळले. नीलकोटची भिंत त्यांनी वेगळी कोरली होती, ती वर उचलून काढता येत होती. त्यांनी ती काढली. मागे माझं अफाट तळं असायला हवं होतं. तिथे नुसतीच कच्ची सपाट फळी होती.

"हे राहिलंय. इथे मी दीड महिना अडकून आहे. तुझ्या नकाशात तळ्याच्या जागी निळा रंग आहे. मला रंगवायचं नाही, कोरायचंय. तळ कसा आहे? कुठे खोल, कुठे उथळ? खाली दगड आहेत, की माती? दोन्ही पुस्तकं दोनदा वाचली. कुठे दिलेलं नाही."

पेन्सिलीला टोक केल्याशिवाय घोड्याला पाऊल उचलू न देणारी मी, आणि माझ्या सगळ्या गोष्टीचा जीव ज्या तळ्यात, त्याचा तळ मी कधी बघितलाच नव्हता. पाणी म्हणजे निळा रंग, विषय संपला.

"काका, मला माहीत नाही," मी म्हटलं.

"मग चल, बघून येऊ," ते म्हणाले. "भोजपूरला नाही तरी जायचंच आहे."

भोजपूर, रविवार

भोपाळहून तासाभराच्या वाटेवर बेतवेच्या काठी भोजपूर आहे. हजारएक वर्षांपूर्वी एका राजाने इथे टेकड्यांच्या मधली खिंड दगडांनी बुजवून तळं अडवलं. तळं एवढं मोठं की भोपाळचं आजचं तळं त्यापुढे चुल्लूभर, असं सलीमभाई सांगतात. त्याच राजाचं तिथे महादेवाचं मंदिर आहे, ते अर्धवटच राहिलं. पिंड मात्र पूर्ण, आणि एवढी उंच की पुजाऱ्याला शिडी लागते. मागे दगड वर चढवायचा मातीचा उतार अजून तसाच पडलाय. आजूबाजूच्या खडकांवर मंदिराचे नकाशे कोरलेले आहेत: खांब, कळस, कमानी, खऱ्या मापाच्या रेघा. काका त्या रेघांशी उकिडवे बसले ते उठेचनात. त्यांनी खिशातून फूटपट्टी काढली, साधी, आणि मोजू लागले.

"भाईजान, हजार साल हो गए, अब क्या इन्स्पेक्शन करोगे?" सलीमभाई म्हणाले.

"रेघ बघ किती सरळ आहे," काका मराठीतच म्हणाले. सलीमभाईंना काकांची मराठी कळते, हिंदी मात्र कळत नाही, असं सलीमभाईच म्हणतात.

धरणाचा तुकडा जवळच उभा आहे. हंड्याएवढे, म्हशीएवढे दगड, चुन्याचं नाव नाही, नुसते एकमेकांवर बसवलेले. मला राहवलं नाही. मी पुढे झाले आणि तमा लावते तसा भिंतीला कान लावला, डोळे मिटले. दगड गार होता. दोन मिनिटं मी ऐकत होते. तेवढ्यात कुणीतरी माझा दंड धरला आणि तोंडावर पाण्याचा हबका मारला.

"मॅडम को चक्कर आ गया!" सहलीला आलेलं एक अख्खं कुटुंब माझ्याभोवती गोळा झालं होतं. मला बसवण्यात आलं, ग्लुकोज पाजण्यात आलं, एका आजीबाईंनी माझे तळवे चोळले. मी ठीक आहे हे कुणीच मान्य करेना. पुण्यात मी भिंतीला कान लावून उभी राहिले असते तर लोकांनी लांबूनच फोटो काढला असता. इथे निदान जीव वाचवायला बघतात.

धरणाच्या वरच्या अंगाला गेलो, जिथे पूर्वी पाणी होतं. गाडी एका बांधाशी थांबली आणि मी खाली उतरले. समोर गहूच गहू. मार्चचा पहिला आठवडा, पिवळेपणा नुकताच चढलेला, कडेला पळस फुललेले. बांधावर एक शेतकरी आणि त्याची बायको काट्याकुट्यांच्या जाळावर ओला हरभरा भाजत होते. त्याला तिकडे होला म्हणतात. न मागता त्यांनी आमच्या ओंजळी भरल्या. घाटे सोलून बोटं काळी झाली, आणि तोंडंही.

"ये सब पानी था," तो शेतकरी हाताने गहू दाखवत म्हणाला. "बाप-दादा बताते थे. एक सुलतान ने तोड़ा. तोड़ने में तीन महीने लगे, पानी उतरने में तीन साल, और जमीन सूखने में तीस."

"तीस?"

"तीस साल दलदल रहा. फिर किसी ने पहली बार बोया होगा. अब देखो, करोंद मंडी में पूछ लो, इस मिट्टी का गेहूँ अलग से बिकता है."

मी तिथेच बांधावर बसले. बारा वेळा मी भिंतीच्या खालच्या बाजूला उभी राहून पाणी येताना बघत होते. वरच्या बाजूला कधी गेलेच नव्हते. पाणी जातं तेव्हा मागे तळ उरतो. चिखलाचा, नावाशिवायचा, कुणाच्याच नकाशात नसलेला एक मुलूख, आणि तो वाळेपर्यंत तीस वर्षं काठावर वाट बघत बसलेली माणसं. तमा बुडत नाही. तमा वाट बघते. मी वही काढली आणि काळ्या बोटांनी लिहिलं: 'तमाने तळ्याच्या जागी पहिला गहू पेरला, तेव्हा ती सत्तावन्न वर्षांची होती.' त्याखाली दुसरं वाक्य आलं, मग तिसरं. चौथ्या पानावर मान वर केली तेव्हा मावशीने डब्यात दिलेले बाफले, म्हणजे तिकडचे तुपात बुडवलेले कणकेचे गोळे, संपले होते आणि चौघंही माझ्याकडे बघत होते. दोन वर्षांचं साकळलेलं मोकळं झालं होतं. मला हसावं की ओरडावं कळेना, म्हणून मी शेतकऱ्याच्या बायकोला मिठी मारली.

परतताना सलीमभाई खुशीत होते. "सुना है भाईजान ने आपका पूरा शहर बनाया है. भाभी बता रही थीं. और वो शीशे की पेटी भी तो उसी के लिए बनवाई थी? फिर उसमें अचार क्यों रखा है?"

मागच्या सीटवर काका एकदम ताठ झाले. आरशात मला त्यांचा चेहरा दिसला. चौतीस वर्षं एक पॅटर्न परत न आलेला माणूस, आणि हे विचारणारा वाळूत तेच पॅटर्न दाबणारा माणूस.

"वो मेरी वजह से," मी म्हटलं. "मैंने बीच में नक्शा बदल दिया. तीसरे भाग में शहर थोड़ा बड़ा है. काका ने नए नक्शे से बनाया, पेटी पुराने की थी."

"लेखक लोगों का कोई भरोसा नहीं," सलीमभाई म्हणाले आणि दोन्ही हात सोडून त्यांनी ट्रकला वाट दिली.

काका खिडकीबाहेर बघत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

पुणे

पहिलं प्रकरण प्रकाशकांच्या हातात ठेवलं. पाचवं सध्या चालू आहे. तळाचा नकाशाही काढला: कुठे खडक, कुठे गाळ, कुठे जुनं बुडालेलं देऊळ. एक प्रत बरखेड्याला पाठवली, फळी अजून कच्चीच पडून आहे म्हणून.

मग नीलकोटचा जुना नकाशा समोर घेतला. एकदा दिलेलं माप मी कधीच बदललेलं नाही, त्यावर माझा सगळा धंदा उभा आहे. पण काकांचं शहर घडवून झालेलं होतं आणि माझं अजून कागदावर होतं. मी खोडरबर घेतलं. वेशीपासून राजवाड्यापर्यंत, बाजारापासून गोठ्यांपर्यंत, सगळं चार फुटाला एक इंच या हिशेबाने वाढवलं. तीन संध्याकाळी लागल्या. आता सलीमभाईंना सांगितलेलं खोटं पूर्ण खरं आहे. फूटपट्टी घेऊन माझ्या चुका शोधणारे पाच-सहा वाचक आहेत, त्यांना आत्ताच सांगून ठेवते: पत्र लिहू नका, तिसऱ्या भागात नीलकोट मोठंच आहे.

गेल्या आठवड्यात काकांचा फोन आला. ते फोनवर कधी बोलत नाहीत, मावशीच बोलते.

"तळाचा नकाशा मिळाला," ते म्हणाले. "लाकूड आणून ठेवलंय. एकच विचारायचं होतं. माप कुठल्या पट्टीने घेऊ?"

"तुमच्याच," मी म्हटलं. "माझं नीलकोटही आता त्याच पट्टीवर आहे."

पलीकडे कारखान्याचा भोंगा झाला आणि मागोमाग लाकडावर रंधा फिरल्याचा आवाज यायला लागला.